जपानी गाडी घ्यावी की युरोपातली?

कर्जतहून खोपोलीच्या फाट्याला लागले की पहिले स्टेशन पळसदरी. या भागातल्या माणसाला पूर्वी ‘गाडी’ म्हटले की आगगाडी किंवा बैलगाडीच आठवे. आता दिवस पालटले. रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला, डोंगराच्या पायथ्याला मुंबईकरांची फार्महाऊस उभी राहिली, खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत घरची मुले कामाला लागली. अंगणात बैलांची दावण होती तेथे चारचाकी दिसू लागली, आणि पारावरच्या गप्पांत एक नवा वाद शिरला. एक म्हणतो, “गाडी घ्यावी तर जपानी. तेल घाला, चावी फिरवा, विसरून जा.” दुसरा म्हणतो, “छे! युरोपातल्या गाडीचा पत्रा बघा, दार लावल्याचा आवाज ऐका. जपानी म्हणजे पत्र्याचा डबा.”

वाचकहो, हा वाद नुसता गप्पांपुरता असता तर त्यावर शाई खर्च केली नसती. पण पावसाळी भाताच्या एका हंगामात हाती उरते किती, हे तुम्हीच जाणता. चुकीची गाडी दारात आली तर हंगामाचा सगळा पैसा गॅरेजात जातो. त्याहून मोठी गोष्ट अशी की रात्री दोन वाजता कुणाला साप चावला, कुणा बाईला कळा सुरू झाल्या, तर दारातली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे. त्या वेळी तिचा पत्रा जाड की पातळ हे कोणी विचारत नाही. म्हणून भरवशाची गाडी कोणती आणि ती कशी ओळखावी, याचा हा विचार.

फियाटचा जमाना

आपल्याकडे आधी आली ती युरोपातलीच गाडी. मूळच्या सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. सुरुवातीला तेथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. जुन्या गोलमटोल फियाटला लोक गमतीने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्यानंतरची, १०८९ सीसीची फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ठाऊक झाली. २००० सालानंतर लवकरच तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली.

ही गाडी भरवशाची होती काय? याचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. बोरघाट चढताना रेडिएटरमधले पाणी उकळायचे, बॉनेट उघडून गाडी निववावी लागे. प्लॅटिनम पॉइंट घासावे लागत, कार्बोरेटर साफ करावा लागे. म्हणजे ती वरचेवर बिघडे. पण तिची रचना इतकी साधी की कुठलाही मिस्त्री पाना-पेंचिसावर ती पुन्हा चालू करून देई, आणि सुटे भाग नाक्या-नाक्यावर मिळत. म्हणूनच भरवशाचे दोन प्रकार मानावेत. मुळात न बिघडणे हा एक, आणि बिघडली तर लगेच, थोडक्या पैशात दुरुस्त होणे हा दुसरा. फियाट दुसऱ्या प्रकारात पास झाली, पहिल्यात नाही.

मारुती आली आणि हिशेब बदलला

२ ऑक्टोबर १९८२ रोजी भारत सरकारच्या मारुती उद्योग कंपनीचा जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे चिमुकले इंजिन पाहून जुने ड्रायव्हर हसले. “ही कसली घाट चढते!” पण ती चढली, आणि पाणी न उकळता चढली. हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की सहलीला जाताना पाण्याचा डबा बरोबर घेण्याची गरज उरलेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर ती तीस वर्षे टिकली होती. तिचीच बहीण ओम्नी व्हॅन. नेरळ-माथेरानच्या उभ्या घाटात टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षे ती पळवली. तिला भरवशाचे याहून मोठे प्रशस्तिपत्र नको.

त्यानंतर २००० साली टोयोटाची क्वालिस आली. दिसायला ठोकळा, तिची मूळ रचनाही जुनीच. पण जुने म्हणजे वाईट असे नव्हे. वर्षानुवर्षे वापरून ज्याच्या सगळ्या खोडी काढलेल्या असतात, असे इंजिन नव्या चमकदार इंजिनापेक्षा कमी दगा देते. प्रवासी वाहतूकवाल्यांनी हे ताबडतोब ओळखले आणि २००५ साली क्वालिसच्या जागी इनोव्हा आली तेव्हा तीही डोळे झाकून उचलली. ज्याचे पोट गाडीवर आहे तो माणूस कोणती गाडी घेतो, हे पाहावे. जाहिरातीपेक्षा ते खरे.

जपान्यांनी हे साधले कसे?

याचे मूळ मोटारीत नाही, कापडाच्या मागात आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मागांचे कारागीर. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. धागा तुटल्यावरही माग चालूच राहिला तर कापड खराब निघते, थांबला तर फक्त एक गाठ मारावी लागते. १९२९ साली त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. याच प्लॅटची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतूनही चालत. तुमच्या घरात कोणी गिरणीत होते असतील तर त्यांना हे नाव आठवेल. पुढे मोटारीचा कारखाना निघाला तेव्हाही नियम तोच राहिला. चूक दिसली की कामगाराने दोरी ओढून काम थांबवायचे, चूक पुढे जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ जपानला गेले. माल तयार झाल्यावर वाईट नग निवडून फेकण्यापेक्षा वाईट नग निघूच नये अशी कामाची रीत बसवा, असे त्यांनी सांगितले. जपान्यांनी ते मनावर घेतले आणि १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिकही सुरू केले. पीक निघाल्यावर पाखडत बसण्यापेक्षा बियाणे आधीच मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढणारा शेतकरी आणि जपानी कारखानदार यांची अक्कल एकाच जातीची. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही ग्राहकांची संस्था दरवर्षी गाडीमालकांना विचारून यादी करते, त्यात टोयोटा आणि तिचीच लेक्सस ही नावे वर्षानुवर्षे वरच्या अंगाला असतात ती यामुळे.

युरोपची बाजूही ऐकावी

पण एका बाजूने निकाल देऊ नये. आपल्या शेतमालाची वाहतूक ज्या गाड्यांनी केली त्या बहुतेक युरोपच्या वंशातल्या आहेत. आपण सहज ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्दच मुळी एका जर्मन कंपनीचे नाव आहे. पुण्याजवळ आकुर्डीला फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीत त्या जर्मन बनावटीची तीनचाकी आणि पुढे मॅटॅडोर निघाली. टाटांची मालमोटार १९५४ पासून १५ वर्षे जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने बनत होती. महिंद्राच्या जीपला डिझेल इंजिन बसले ते फ्रान्सच्या पेजोचे.

आणि एक लढाई तर युरोपच्या शिष्याने जपान्यांना हरवलेली आहे. १९८०च्या दशकात लहान मालमोटारींसाठी चार जपानी कंपन्या एकाच वेळी भारतात उतरल्या. टोयोटा, माझदा, मित्सुबिशी आणि निस्सान, चौघींनी चार वेगवेगळे भारतीय भागीदार धरले. गाड्या उत्तम होत्या. पण सुटे भाग जपानहून येत आणि १९८५ नंतर जपानी येन महाग होत गेला, त्याबरोबर भागही महागले. १९८६ मध्ये टाटांनी पुण्याच्या कारखान्यातून ४०७ आणली. ती तितकी नाजूक-सुबक नव्हती, पण भाग येथलेच, मिस्त्री येथलाच, आणि थोडा जादा माल भरला तरी कुरकुर नाही. भाजीपाला वाशीला पोचवणाऱ्याने कोणती निवडली हे सांगायला नकोच.

युरोपच्या गाडीचे गुण खरे आहेत. द्रुतगती मार्गावर ती रस्ता धरून चालते, वळणावर डुलत नाही, पत्रा बहुधा जाड असतो. अपघातातही बचाव चांगला होतो, असे पुष्कळ जण म्हणतात. मात्र येथे नुसत्या देशाच्या नावावर जाऊ नका. २०१४ साली ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात बनलेल्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा जपानी वंशाच्या अल्टोला शून्य तारे मिळाले आणि एअरबॅग नसलेल्या जर्मन पोलोलाही शून्यच. तीच पोलो दोन एअरबॅग लावून दिली तेव्हा चार तारे मिळाले. उलट २०२४ साली मारुतीच्या नव्या डिझायरने पाच तारे मिळवले. न बिघडणे आणि जीव वाचवणे हे दोन वेगळे गुण आहेत. बायका-मुले ज्या गाडीत बसणार तिच्यात दोन्ही पाहावेत.

नाव एकाचे, काळीज दुसऱ्याचे

आता गंमत ऐका. ज्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायरच्या भरवशाचे गोडवे लोक गातात, त्यांचे १२४८ सीसीचे इंजिन मूळ कोणाचे? इटलीच्या फियाटचे! मारुतीने ते परवान्यावर भारतात बनवले आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर बंद केले. हेच इंजिन फियाटच्या स्वतःच्या पुंटोतही होते. पण पुंटो फारशी खपली नाही, आणि २०१९ साली फियाटने भारतात गाड्या विकणे थांबवले. इंजिन एकच, मग फरक कशाचा? गावोगावच्या सर्व्हिस स्टेशनचा आणि सुट्या भागांचा.

म्हणून कंपनीच्या देशापेक्षा ती कंपनी येथे टिकणार का, हे पाहावे. पेजो कल्याणला आली आणि गेली, ओपल गेली, फियाट गेली. पण जपान्यांची डॅटसनसुद्धा २०२२ साली गेलीच. मालक निघून गेलेल्या कंपनीची गाडी म्हणजे माहेर तुटलेली लेक. तिच्या अडीनडीला कोण येणार? उलट फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, म्हणजे घाट चढला की जवळच.

चुका दोन्हीकडे

जपानी म्हणजे निर्दोष असेही नव्हे. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग फुगण्याऐवजी फुटून धातूचे तुकडे उडवत. त्यात माणसे दगावली, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. उष्ण आणि दमट हवेत वर्षे काढली की आतली रासायनिक पूड बिघडते, हे त्याचे कारण. आपली कोकणची हवा तशीच आहे. तेव्हा जुनी होंडा किंवा टोयोटा घेत असाल तर चासी नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात विचारा, हा भाग बदलला आहे काय. तो फुकट बदलून मिळतो.

फोक्सवॅगनचेही दोन दाखले आहेत. तिच्या सात गिअरच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल उष्ण देशांतून तक्रारी आल्या आणि २०१३ मध्ये जगभर सुमारे १६ लाख गाड्यांचे गिअर ऑइल बदलून द्यायचे ठरले. २०१५ मध्ये डिझेलच्या धुराच्या तपासणीत फसवणूक केल्याचे उघड झाले आणि भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्या मातीत काय होते?

भाताचे बियाणे घेताना आपण वाण आपल्या खाचराला मानवेल का ते पाहतो. कर्जतच्या संशोधन केंद्राचा वाण कर्जतला उत्तम म्हणून तो सोलापूरला उत्तम ठरेलच असे नाही. गाडीचेही तसेच. कर्जत-खालापूर पट्ट्यात गाडीचे पाच वैरी आहेत.

पहिला पाऊस. चार महिने चिखल तळाला चिकटतो आणि आतून पत्रा सडतो. गणपतीनंतर गाडी खालून स्वच्छ धुऊन घ्या, गंजरोधक रंग मारून घ्या.

दुसरे खत. युरिया, सुफलाच्या गोण्या डिकीतून आणणे सोयीचे वाटते, पण सांडलेले खत ओल ओढून घेते आणि पत्रा खाते. खाली जाड ताडपत्री घाला आणि सांडलेले त्याच दिवशी झाडून काढा.

तिसरे उंदीर. झोडणी झाली की उंदीर उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. नव्या गाडीत वायरींचे जाळे मोठे, म्हणून नुकसानही मोठे. गाडी पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरखाली पेंढा आला तर आगही लागते.

चौथे पुराचे पाणी. मोरीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिन बंद पडले, तर पुन्हा चावी मारू नका. इंजिनात गेलेले पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो. तशीच ढकलून बाहेर काढा. विम्यात इंजिनाची जादा कलमे घेतली नसतील तर ही भरपाई बहुधा मिळत नाही.

पाचवा वैरी जवळचा पल्ला. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर पळावी लागते. घर ते कर्जत स्टेशन एवढेच रोजचे जाणे असेल तर ती गाळणी तुंबते. अशा घराने जपानी काय, जर्मन काय, डिझेल घेऊच नये. पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी.

स्वस्तातली मोठी गाडी

खरा धोका मात्र वेगळाच आहे. मुंबईतला साहेब आठ-दहा वर्षे वापरलेली मोठी जर्मन किंवा तशीच उंची गाडी विकायला काढतो. किंमत नव्या छोट्या मारुतीएवढी. मुलगा म्हणतो, “बाबा, त्याच पैशात केवढी मोठी गाडी!” येथे थांबावे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तो गिअरबॉक्स, तो पंप, तो संगणक नव्या गाडीच्याच भावाने घ्यावा लागतो. साहेबाने ती विकली, त्यातही बहुधा हेच गणित असते. हत्ती फुकट मिळाला तरी त्याला रोज चारा लागतोच.

बैल पारखतो तशी गाडी पारखा

बैल घेताना तुम्ही दात पाहता, खूर पाहता, औताला जुंपून चाल पाहता. तसेच करा. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला सांगा, आधी तापवून ठेवलेली चालणार नाही. धूर निळा निघाला तर इंजिन ऑइल पिते. पायाखालची चटई उचलून पत्रा ठोका, पुराचा चिखल राहिला आहे का पाहा. घाटात चढवून पाहा, क्लच घसरतो का, काटा तापमान दाखवतो का. सर्व्हिसची कागदपत्रे मागा. इंजिनात आतली साखळी आहे की रबरी पट्टा, हे विचारा. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हातही पट्टा असतो. तो ठरल्या किलोमीटरला बदलला नाही आणि तुटला तर भरवशाची टोयोटाही उभी राहते. २०२३च्या एप्रिलपूर्वीची गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल तिला चालते का, हेही पुस्तकात पाहा.

आणि बॅटरी विसरू नका. जर्मनीतल्या मोटारमालकांचा मोठा संघ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करतो. त्यात सर्वांत जास्त दोष निघतो तो बॅटरीचा, मग गाडी कुठल्याही देशाची असो. रात्री दोन वाजता दगा देणारीही बहुधा तीच. तीन-चार वर्षांनी ती तपासून बदलून टाका.

मग निकाल काय? आपल्या भागातल्या साध्या शेतकरी कुटुंबाने, एकच गाडी घ्यायची असेल आणि ती पंधरा वर्षे वापरायची असेल, तर जपानी वंशाची, साधी, हाती गिअर टाकण्याची, पेट्रोल किंवा सीएनजीवरची गाडी घ्यावी. कर्जत किंवा खोपोलीच्या कुठल्याही गॅरेजात ती खुलते. रोज पुण्याला द्रुतगती मार्गाने जाणे असेल, वेळेवर सर्व्हिस करायची ऐपत आणि शिस्त असेल, तर चाकणची युरोपीय गाडीही सुखाने वापरता येईल, पण ती शक्यतो नवी घ्यावी. आणि कोणतीही घ्या, पैसे देण्यापूर्वी घरातल्या कारभारणीला एकदा शेजारी बसवून चक्कर मारा. खर्चाचा पुढचा हिशेब शेवटी तिलाच जुळवायचा असतो.